सागाची वाट कोणी पाहायची?

केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने सागाची लागवड सुरू केली. हेतू सरळ होता. ब्रिटिश आरमाराला जहाजांसाठी साग हवा होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची लढाऊ जहाजे बांधून त्या लाकडाची कीर्ती लंडनपर्यंत पोचविली होती. मलबारची नैसर्गिक जंगले मात्र कुऱ्हाडीखाली झपाट्याने विरळ होत चालली होती. लावलेला साग जून होण्यास साठ वर्षे लागणार होती. त्यातली वीस वर्षे पुरी होतात न होतात तोच, १८६० साली, ‘वॉरियर’ ही लोखंडी बांधणीची युद्धनौका इंग्लंडात पाण्यात उतरली. तिच्या लोखंडी कवचामागे दीड फूट जाडीचा सागच बसविला होता, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवला, तरी लाकडी आरमाराचे युग संपले होते. ज्या बाजारासाठी झाड लावले, तो बाजार झाड मोठे होईपर्यंत टिकला नाही.

आणि तरीही सरकारचे काही बिघडले नाही. जहाजे नाहीत तर इमारती, इमारती नाहीत तर आणखी काही. जमीन सरकारची, पहारा सरकारचा आणि साठ वर्षे थांबण्याची ताकदही सरकारची. कोनोली स्वतः १८५५ मध्येच मारला गेला होता. परंतु त्याची लागवड त्याच्या आयुष्यावर अवलंबून नव्हती. लाकडाच्या अर्थकारणाची किल्ली या एका गोष्टीत आहे. या धंद्यात नफा होतो तो थांबण्याबद्दल होतो. जो थांबू शकतो तो कमावतो. ज्याला थांबता येत नाही त्याचे झाड दुसराच कोणी तरी कमी भावात घेऊन जातो.

अलीकडे आर्थिक वृत्तपत्रांतून लाकूड पिकविणाऱ्या जमिनीत पैसा गुंतविण्याची शिफारस पुन्हा वाचावयास मिळते. महागाईपासून संरक्षण, शेअरबाजाराच्या चढउतारापासून अलिप्तता आणि आता भरीला कार्बनच्या विक्रीचे उत्पन्न, असे या गुंतवणुकीचे गुण सांगितले जातात. हे गुण अगदीच खोटे आहेत असे नाही. पण ते कोणाच्या हातात असताना गुण ठरतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी तोच आधी विचारावा.

या गुंतवणुकीचे माहेर अमेरिकेत आहे. तेथे एके काळी कागदाच्या आणि लाकडाच्या कंपन्यांकडे स्वतःची अफाट जंगले असत. वेअरहाउझर कंपनीने १९०० साली एका रेल्वे कंपनीकडून एकरी सहा डॉलर दराने नऊ लाख एकर जंगल विकत घेतले होते. १९७४ च्या कायद्याने निवृत्तिवेतन निधींवर गुंतवणूक विखुरण्याचे बंधन आले, आणि १९८० च्या दशकापासून या निधींसाठी जंगले विकत घेऊन सांभाळणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. उलट कागद कंपन्यांना जमिनीत अडकलेले भांडवल मोकळे करण्याची घाई झाली. इंटरनॅशनल पेपर या कंपनीने २००६ मध्ये पन्नास लाखांहून अधिक एकर जमीन विकून टाकली. ज्यांना लाकूड हवे होते त्यांनी जंगल विकले आणि ज्यांना केवळ परतावा हवा होता त्यांनी ते घेतले. ‘भाव पडले की झाड तोडायचे नाही, ते उभ्या उभ्या वाढत राहते’ हा या नव्या मालकांचा मंत्र. मंत्र खरा आहे. गहू कापणीला आला की कापावाच लागतो. झाडाचे तसे नाही.

मात्र त्याच देशातील लहान जमीनधारकाची हकीकत वेगळी आहे. १९८५ च्या शेतीकायद्याखाली धूप होणारी जमीन पिकाखालून काढण्यासाठी सरकारने पैसे दिले, आणि दक्षिणेकडील राज्यांतील असंख्य शेतकऱ्यांनी त्या जमिनीत पाइन लावला. सर्वांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. अर्थातच तो सर्वांचा जवळजवळ एकाच वेळी तोडीला आला. तेवढ्यात २००८ च्या मंदीने घरबांधणी कोसळली. पुढे २०२१ च्या मे महिन्यात कापीव लाकडाचा वायदेभाव हजार बोर्डफुटांस सोळाशे डॉलरच्या वर गेला, इतका की तसा तो पूर्वी कधी गेला नव्हता. त्या वेळी दक्षिणेतील शेतकऱ्याच्या उभ्या पाइनचा भाव जेमतेम हलला. वाढलेला सगळा पैसा लाकूड कापणाऱ्या गिरण्यांच्या तिजोरीत अडकला. झाडे मुबलक, गिरण्या मोजक्या. अशा बाजारात विकणाऱ्यांची संख्या हीच त्यांची कमजोरी ठरते. त्यानंतर त्या प्रदेशातील कागदाच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. गिरणी गेली की तिच्या परिसरातील बारीक लाकडाला गिऱ्हाईकच उरत नाही, कारण लाकूड ही दूर वाहून नेण्यास परवडणारी वस्तू नव्हे.

हे वाचताना आपल्याकडील निलगिरीची आठवण व्हावी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांनी सामाजिक वनीकरणाच्या प्रोत्साहनाने शेतांत निलगिरी लावली. प्रचार असा, की गव्हापेक्षा दामदुप्पट. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वांची झाडे बाजारात आली, भाव कोसळले, आणि अनेकांनी खुंट उपटून पुन्हा गहू-ऊस धरला. ही निव्वळ मागणी-पुरवठ्याची करणी नव्हती. त्याच काळात सरकार आपल्या जंगलांतील बांबू आणि लाकूड कागद गिरण्यांना नाममात्र दराने देत होते. दांडेलीच्या कागद गिरणीला १९५० च्या दशकाच्या अखेरीस बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत असे, हे माधव गाडगीळ यांनी नोंदविले आहे. टनाला दीड रुपया! ज्या उद्योगाला जंगल फुकट मिळते तो शेतकऱ्याच्या झाडाला दाम का देईल? १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ही चूक कागदावर तरी दुरुस्त केली. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, सवलतीचा पुरवठा बंद व्हावा, नैसर्गिक जंगल उद्योगांच्या लागवडीसाठी देऊ नये, असे ती म्हणते. पुढे १९९० च्या दशकात आयात खुली झाली आणि शेतकऱ्याच्या झाडापुढे परदेशी लाकूड उभे राहिले. सागाचेच पाहा. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. पण तेवढ्याने विदर्भातील शेतकऱ्याच्या बांधावरच्या सागाला सुगीचे दिवस आले नाहीत. घाना, इक्वेडोर, पनामा येथील लागवडींतला कोवळा साग जहाजांनी येतच राहिला.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. झाड लावणे म्हणजे आजचा रुपया वीस वर्षांनी परत मागणे. ज्या निधीला सहा टक्के परतावा पुरतो, त्याच्या रुपयाचे वीस वर्षांत सव्वातीन रुपये झाले की तो समाधानी असतो. ज्या शेतकऱ्याला अडीअडचणीला सावकाराकडून शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाने, म्हणजे दरसाल चोवीस टक्क्यांनी, पैसा उचलावा लागतो, त्याच्या दृष्टीने वीस वर्षांनंतर मिळणारे चौऱ्याहत्तर रुपये हे आजच्या एका रुपयाच्या बरोबरीचे. झाड तेच, माती तीच, पाऊस तोच. फरक फक्त मालकाच्या व्याजदराचा. म्हणूनच मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्याच्या खर्चात बारा वर्षांचा साग जळाऊ लाकडाच्या जवळपासच्या भावाने जातो, आणि त्यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणारे पंडित त्याच्या व्याजदराकडे पाहत नाहीत.

हा हिशेब सुशिक्षित मध्यमवर्गालाही कळला नव्हता, हे १९९० च्या दशकातील सागाच्या योजनांनी दाखविले. थोडे पैसे भरा, तुमच्या नावाने सागाची रोपे लावू, वीस वर्षांनी लक्षाधीश व्हा, अशा जाहिरातींना निवृत्त शिक्षक आणि बँकेतले कारकून भुलले. समजा, हजाराचे वीस वर्षांत पन्नास हजार होतील असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ दरसाल साडेएकवीस टक्के चक्रवाढ असा होतो. जगातला कोणताही साग इतक्या वेगाने वाढत नाही. जमीन कोठे, रोपे किती, पाणी आहे की नाही, हे पाहावयास कोणी गेले नाही. जाण्याची सोयही नव्हती. १९९८ च्या सुमारास या कंपन्या पत्त्याच्या बंगल्यासारख्या कोसळू लागल्या. सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले ते १९९९ च्या ऑक्टोबरात. तोवर अशा सहाशेहून अधिक संस्थांनी लोकांचा पैसा गोळा केला होता. झाड वीस वर्षांचे आणि ते सांगणारी कंपनी पाच वर्षांची! प्रतीक्षा विकत घेता येते, पण ती विकणारा तोवर जागेवर राहील याची हमी कोणी दिली नव्हती.

भांडवलाला थांबण्याचाही कंटाळा आला की ते जमिनीकडे, आणि तीही फुकटच्या जमिनीकडे, वळते. कर्नाटकात १९८४ मध्ये राज्य सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड ही कंपनी काढली आणि सुमारे तीस हजार हेक्टर सार्वजनिक जमीन तिच्या निलगिरीसाठी नेमून दिली. सरकारी दप्तरात ही जमीन ‘पडीक’ होती. गावकऱ्यांच्या दप्तरात मात्र ती गुरांचे चरणे, सरपण, पत्रावळीची पाने आणि कुडाची काटकी होती. समाज परिवर्तन समुदाय आणि एस. आर. हिरेमठ यांनी गावोगाव लोक संघटित केले. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर येथे ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे ‘उपटा आणि लावा’, हा सत्याग्रह झाला. लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयोगी झाडे लावली. थोर कन्नड लेखक शिवराम कारंत यांच्या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी कंपनी गुंडाळावी लागली. त्याआधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, सिंहभूमच्या आदिवासींनी सालाचे रान तोडून साग लावण्यास विरोध केला होता. साल मोह-चारोळीच्या रानाचा सोबती. त्याचे बी, पाने, डिंक घरात येतात. साग फक्त लिलावात जातो.

महाराष्ट्रालाही या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची रोपवने उभी केली, आणि तोडीच्या कूपात गावाला मिळाली ती मजुरी. मालकी सरकारची असली म्हणजे ती समाजाची होतेच, या भ्रमातून समाजवाद्यांनी एव्हाना बाहेर यावयास हवे. पण या गोष्टीची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातून जो साग गेला, तसला जून साग कोणत्याही खाजगी गुंतवणूकदाराने राखलेला नाही. तितके थांबणे सार्वजनिक मालकीलाच जमले.

आज हा जुना प्रश्न नव्या वेषात आला आहे. वन (संवर्धन) कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव बदलले आणि त्याची व्याप्ती आकसली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम आले, फेब्रुवारी २०२४ च्या कार्यपद्धतीत ‘ऱ्हास पावलेल्या’ वनजमिनीवर हेक्टरी किमान अकराशे झाडे लावून कंपन्यांनी गुण मिळवावेत आणि ते इतरत्रच्या वनतोडीच्या भरपाईसाठी वापरावेत, अशी सोय होती. टीका झाल्यावर २०२५ मध्ये काही अटी कडक करण्यात आल्या. मूळ प्रश्न मात्र कायम आहे. ऱ्हास पावलेली म्हणजे कोणाच्या दृष्टीने? गवताळ माळरानावर झाडे नसणे हा ऱ्हास नव्हे. धनगरांच्या मेंढ्या त्याच ‘ओसाड’ माळावर जगतात. आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली ज्या गावांचे सामूहिक दावे अजून तालुक्याच्या कचेरीत धूळ खात पडले आहेत, त्यांच्या रानात कंपनीची झाडे आधी उभी राहिली, तर दावा पुढे कोणत्या जमिनीवर चालणार?

कार्बनच्या सौद्याची अडचण आणखी निराळी. तेथे झाड न तोडण्याचे वचन विकावयाचे असते, तेही दशकानुदशकांचे. कॅलिफोर्नियाच्या योजनेत जंगलमालकाने शंभर वर्षांची हमी द्यावयाची आणि आगीसारख्या आपत्तींसाठी काही श्रेये सामायिक साठ्यात राखून ठेवावयाची, अशी रचना आहे. शतकभर पुरावयाचा हा साठा. त्यातला वणव्यांसाठीचा जवळजवळ सगळा वाटा एका दशकाच्या आतच खर्ची पडल्याचे २०२२ मध्ये अभ्यासकांनी दाखविले. हवामान बदलाचा उपाय म्हणून लावलेले झाड हवामान बदलाच्याच वणव्यात जळते. आपल्याकडे वणवा नसेल तर वादळ आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. वाडीवाल्याची नुकसानभरपाई आधी हेक्टरावर मोजली गेली. ज्याची वाडीच मुळी दहा-पंधरा गुंठ्यांची, त्याच्या हाती काय लागणार? पंधरा वर्षे पोसलेल्या झाडाचा हिशेब एका हंगामाच्या पिकासारखा करण्याची सवय शासनाच्या हाडीमासी खिळली आहे. अशा शेतकऱ्याला चाळीस वर्षांच्या कार्बन करारावर सही करावयास लावणे म्हणजे जोखीम त्याच्या माथी आणि श्रेय दुसऱ्याच्या खात्यात.

याचा अर्थ झाडे लावू नयेत, लाकूड वापरू नये, असा कोणी काढू नये. देशाला लाकूड हवे आहे. सिमेंट आणि पोलादाच्या जागी जितके लाकूड वापरता येईल तितके हवामानाच्या दृष्टीने चांगलेच. यमुनानगरच्या प्लायवुड कारखान्यांभोवती पॉप्लर लावणाऱ्या शेतकऱ्यांनी भावाच्या गटांगळ्या खाल्ल्या, तरी शेतातले लाकूड उद्योगाला पुरू शकते हे सिद्ध केले. प्रश्न इतकाच, की थांबण्याचा भार कोणी उचलावा, आणि जो उचलेल त्याला त्याचे मोल मिळावे की नाही.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने याचे एक उत्तर दिले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ परिश्रमांनंतर गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा हक्काला अर्थ आला. ग्रामसभा थांबू शकते; तिला मुलीच्या लग्नासाठी रान विकावे लागत नाही.

एकट्या शेतकऱ्याचे काय? येथे कायदा त्याच्या पायात अडकतो. साग त्याचा, बांध त्याचा, पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. परवानगीच्या हेलपाट्यांना कंटाळून तो ठेकेदाराला उभे झाड ठोक भावात देतो; कागदपत्रांची यातायात ठेकेदार करतो आणि नफाही तोच नेतो. आदिवासींच्या मालकीची झाडे ठेकेदार मातीमोल किमतीत नेत, म्हणून १९६९ मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. परवानगी सोपी करणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. लागवडीच्या दिवशीच किमान भाव ठरवून देणारा करार गिरण्यांवर बंधनकारक केला पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उभ्या झाडावर कर्ज मिळाले पाहिजे.

ही कल्पना हवेतली नाही. केरळात वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी पंचायतीने ‘वृक्षबँक’ चालविली आहे. राज्य सरकारने दिलेले दहा कोटी रुपये सहकारी बँकेत ठेवले. शेतकऱ्याने आपले झाड तारण ठेवावयाचे आणि दर झाडामागे वर्षाला पन्नास रुपये बिनव्याजी घ्यावयाचे, दहा वर्षे. झाड तोडले तरच रक्कम परत करावयाची. पन्नास रुपये ही रक्कम हास्यास्पद वाटेल. परंतु ठेवीवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला सत्तर लाख होतात, म्हणजे एक लाख चाळीस हजार झाडे, आणि मूळ रक्कम जशीच्या तशी. ज्याच्याकडे दोनशे झाडे आहेत त्याला वर्षाला दहा हजार मिळाले, तर तेवढ्या वर्षापुरता तरी सावकार दारातून परत जातो. योजना लहान आहे, तिच्यात उणिवा असतीलही. पण थांबण्याचा खर्च समाजाने उचलावयाचा आणि झाडाची मालकी शेतकऱ्याकडेच ठेवावयाची, हा तिचा पाया पक्का आहे.

महाराष्ट्रात गावोगाव सहकारी सोसायट्यांचे जाळे आहे, जिल्हा बँका आहेत. उभ्या उसावर कर्ज देण्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. सातबाऱ्यावरील सागाची नोंद आज तोडीच्या परवानगीसाठी शोधली जाते. तीच नोंद सोसायटीच्या सचिवाने तारण म्हणून का धरू नये, हा प्रश्न प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांना आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारता येण्याजोगा आहे.